ॲक्सोलॉटल रेस्क्यूला देताय? मग त्याची हकिगतही सोबत द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टापायी दोन ॲक्सोलॉटल, म्हणजे बेडकांसारखे उभयचर पण जन्मभर पाण्यातच राहणारे सॅलमँडर, आणले. विकणाऱ्याने दोन्ही नर म्हणून दिले आणि गेल्या महिन्यात टाकीभर अंडी निघाली. मुलगी आता शिकायला बाहेरगावी चाललीय, तुम्ही दोघंही दिवसभर कामावर, आणि उन्हाळ्यात पाणी थंड ठेवणं जमत नाही. रेस्क्यूला, म्हणजे नको झालेले पाळीव प्राणी स्वीकारणाऱ्या संस्थेला, दिले तर चालेल का, कसे द्यायचे, तिथे मारून तर टाकणार नाहीत ना, आणि ते नसेल जमत तर जवळच्या तळ्यात सोडले तर काय बिघडलं?

द्या, त्यात गैर काही नाही. तळ्यात मात्र सोडू नका. मारण्याबद्दल खाली लिहिते, कारण त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही.

मी चौदा वर्षं पाण्यातले पाळीव प्राणी स्वीकारण्याचं काम करतेय. बेडूक, न्यूट, कासवं, आणि अलीकडे सगळ्यात जास्त ॲक्सोलॉटल. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की लक्षात आलीय. लोक टाकी देतात, फिल्टर देतात, उरलेल्या गोळ्यांचा डबाही देतात, आणि आम्हाला जे सगळ्यात जास्त हवं असतं तेच घरी विसरून येतात. ते म्हणजे त्या जनावराची खरी हकिगत.

तुमच्या लिहिण्यात रुखरुख दिसते, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द. ॲक्सोलॉटल नीट सांभाळला तर दहा ते पंधरा वर्षं जगतो. दहा वर्षांच्या मुलीला आणून दिलेला प्राणी ती पंचविशीची होईपर्यंत टाकीत असू शकतो, हे विकताना कुणी सांगत नाही. २०२१ च्या जूनमध्ये माइनक्राफ्ट या खेळात ॲक्सोलॉटल आला. त्यानंतर आमच्याकडे आधी ‘कुठे मिळेल’ असे फोन यायचे, मग ‘खात का नाही’ असे यायला लागले, आणि आता ‘तुम्ही घेता का’ असे येतात. तुमचा प्रश्न त्याच रांगेतला आहे. मला राग येतो तो प्राणी महिनाभर आजारी ठेवून मग आणणाऱ्यांचा. तुमचे दोघे अजून खातायत, हिंडतायत आणि तुम्ही आत्ताच विचारताय. वेळ बरोबर साधलीत.

आता तळ्याचं. ॲक्सोलॉटल मूळचा मेक्सिको सिटीच्या दक्षिण भागातल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला. त्याच्या स्वतःच्या घरात त्याचं काय झालं ते बघा. १९९८ च्या गणनेत तिथे एका चौरस किलोमीटरमागे सुमारे ६००० होते, २०१४ मध्ये जेमतेम ३६ उरले. शहराचं सांडपाणी हे त्याचं एक कारण. दुसरं कारण म्हणजे माणसांच्या खाण्यासाठी त्या पाण्यात सोडलेले कार्प आणि तिलापिया. हे मासे त्याची अंडी आणि पिल्लं खातात, त्याचं अन्नही खातात. म्हणजे परका प्राणी पाण्यात सोडल्यावर काय होतं याचा सगळ्यात मोठा फटका बसलेलाच हा प्राणी आहे, आणि आपण त्यालाच परका म्हणून दुसऱ्याच्या पाण्यात सोडायला निघालो.

तुमच्या तळ्यात तो बहुधा टिकणार नाही. पाणी तापेल, बगळा उचलेल, नाहीतर उपासमार होईल. पण मरण्याआधी तो काय मागे ठेवून जाईल हा खरा प्रश्न आहे. कायट्रिड नावाची बुरशी आणि रानाव्हायरस हे उभयचरांचे दोन मोठे शत्रू. वरून धडधाकट दिसणारा ॲक्सोलॉटलही ती बुरशी अंगावर बाळगू शकतो आणि तळ्यातले बेडूक त्याने मरू शकतात. म्हणून टाकीतलं बदललेलं पाणीसुद्धा ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका. घरातल्या मोरीत ओता.

‘मग मेक्सिकोला परत पाठवता येणार नाही का?’ असं एका नऊ वर्षांच्या मुलाने मला विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे, उत्तर ‘नाही’ असंच आहे. १८६४ मध्ये ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला पोचले, त्यातले सहा ऑग्युस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाकडे आले आणि त्यांना पिल्लं झाली. प्रयोगशाळांतल्या आणि नंतर घरोघरच्या टाक्यांतल्या वंशावळी बऱ्याच अंशी तिथपर्यंत जातात. पुढे १९६२ मध्ये हम्फ्री या संशोधकाने टायगर सॅलमँडर या त्याच्या नातलगातल्या एका अल्बिनो, म्हणजे काळं रंगद्रव्य नसलेल्या, प्राण्याशी संकर करून तो रंग ॲक्सोलॉटलमध्ये आणला. म्हणजे तुमच्याकडचा सोनेरी ‘गोल्डन अल्बिनो’ हा सोचिमिल्कोतल्या प्राण्याचा दूरचा आणि थोडा भेसळीचा नातलग आहे. त्याला तिकडे सोडणं तिथल्या उरल्यासुरल्यांच्या मुळावर येईल.

असो. आता तुमचं काम. सगळ्यात पहिलं, आणि ते आजच: दोघांना वेगळं करा. दुसरी टाकी नसेल तर झाकणाचं एक मोठं प्लास्टिकचं खोकं घ्या, ज्यात साबण, फिनाइल कधी गेलेलं नाही असं. त्यात क्लोरीन काढलेलं, टाकीइतक्याच तापमानाचं पाणी भरा आणि रोज शंभर टक्के बदला. मादीला पुन्हापुन्हा अंडी घालायला लागली तर ती खंगत जाते. एका खेपेला शंभरापासून हजारापर्यंत अंडी निघू शकतात, आणि नर थांबत नाही. नरमादी ओळखायचं असेल तर मागच्या पायांच्या मागे, शेपटीच्या मुळाशी बघा. तिथे ठळक फुगवटा असेल तर नर. मादीचं पोट गोल आणि ती जागा जवळजवळ सपाट. वर्षाच्या आतल्या पिल्लांत हे फसवं असतं, म्हणून ‘दोन्ही नर’ म्हणून विकणारा प्रत्येक जण खोटारडाच असतो असं नाही. तीन वर्षांच्या जनावरात मात्र चूक व्हायला जागा नाही.

नवी अंडी दिसली तर ती त्याच दिवशी काढून गोठवा. ऐकायला कठोर वाटतं, पण आत आकार दिसू लागण्यापूर्वी हे करणं हाच त्यातला सगळ्यात दयाळू मार्ग आहे. गेल्या महिन्यातल्या अंड्यांतून पिल्लं निघाली असतील आणि तुम्ही ती वाढवायला घेतली असतील, तर तो आकडा रेस्क्यूला पहिल्याच फोनवर सांगा. दोन मोठे घेणं आणि दोन मोठे अधिक दीडशे पिल्लं घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पिल्लं एकमेकांचे पाय तोडतात. पाय पुन्हा उगवतात हे खरं, पण म्हणून त्यांना तोडू द्यायचे असं नसतं. त्यांना वेगवेगळं ठेवायला दीडशे डबे आणि दीडशे वेळा पाणी बदलणारे हात लागतात.

रेस्क्यू निवडताना आधी एवढं विचारा की तुमच्याकडे पाणी थंड ठेवण्याची सोय आहे का. कुत्र्या-मांजरांचा आसरा चालवणारे लोक मनाने कितीही चांगले असले तरी त्यांच्याकडे चिलर नसतो. दयेपोटी ते हो म्हणतात आणि पंधरा दिवसांनी आम्हालाच फोन करतात. ॲक्सोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सिअस मानवतं, २० पर्यंत तो निभावतो, पाणी २४ च्या वर गेलं की त्याचं शरीर नुसतं तग धरायला धडपडतं. म्हणून सरीसृप आणि उभयचर घेणारी संस्था शोधा, किंवा अशा प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. त्यांना कोण काय घेतं ते बरोबर माहीत असतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानाला परत देऊ नका. दुकान त्याला पुन्हा विकणार, आणि घेणाऱ्याला कुणी काही विचारणार नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत द्यायचा मोह होतो, पण सुट्टीत पाण्याचं तापमान कोण बघणार, एवढं तिथे विचारून बघा. प्राणिसंग्रहालयं घरगुती ॲक्सोलॉटल सहसा घेत नाहीत. वंशावळ माहीत नसलेला प्राणी त्यांच्या कामाचा नसतो.

फोनवर आणखी तीनचार गोष्टी काढून घ्या. नवीन आलेल्याला किती दिवस वेगळा ठेवता? महिनाभर किंवा त्याहून जास्त म्हणाले तर माणसं जाणती आहेत. ‘लगेच बाकीच्यांत सोडतो’ म्हणाले तर आभार मानून फोन ठेवा. पुढे कुणाला देता, कसं पारखून देता? ज्याच्याकडे सायकल झालेली टाकी, म्हणजे घाण पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये आधीच रुजलेली टाकी, नाही त्याला देता का? तिथून पिल्लं काढता का? रेस्क्यूच्या नावाखाली जोड्या लावणारे लोक असतात. तुमची नर-मादीची जोडी त्यांना फार आवडेल. पुढच्या घरी जमलं नाही तर परत घेता का, हेही विचारा. चांगली संस्था स्वतःहून सांगते की आमच्याकडून नेलेला प्राणी आमच्याकडेच परत यायला हवा.

कायद्याची बाजू एका परिच्छेदात उरकते, पण विसरू नका. हा प्राणी वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि घरात पाळण्याचे नियम देशागणिक, काही ठिकाणी राज्यागणिक बदलतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी पाळायलाच बंदी आहे. तुमच्याकडे नोंदणी, खरेदीची पावती, जे काही असेल ते सोबत द्या. नसेल तर नाही म्हणून सांगा. आम्ही पोलीस नाही, पण पुढे ज्याच्या नावावर तो करायचा त्याला अडचण येऊ नये, एवढ्यासाठी आम्हाला ते कळायला हवं.

मारण्याबद्दल. चांगलं रेस्क्यू धडधाकट मोठ्या प्राण्याला मारत नाही. ज्याची जखम सडली आहे, ज्याला महिनोन्महिने काही पचत नाही, अशा जनावराला डॉक्टरांकडून शांतपणे झोपवलं जातं. मीही तसा निर्णय घेतला आहे आणि त्याबद्दल मी माफी मागत नाही. जादा अंडी गोठवली जातात. विकृत पिल्लं वाढवली जात नाहीत. हे सगळं उघडपणे विचारा. ‘आमच्याकडे कधीच कुणी मरत नाही’ असं सांगणाऱ्यापेक्षा, केव्हा आणि का ते सांगणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवीन. आणखी एक. ताबा दिल्यावर निर्णय त्यांचा असतो. दोघांना वेगवेगळ्या घरी देतील, नावं बदलतील. एकत्र राहण्याची गरज या प्राण्याला नसते, म्हणून ताटातुटीचं दुःख तुम्हाला होईल, त्यांना होणार नाही.

आता त्या हकिगतीकडे येते.

दोन वर्षांपूर्वी एक बाई पांढराशुभ्र ॲक्सोलॉटल घेऊन आल्या. टाकी सुंदर, पाणी लख्ख. ‘काही त्रास नाही, फक्त वेळ नाही,’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तो पाण्यावर तरंगत होता, मागचा भाग वर, डोकं खाली. गॅस झाला असेल म्हणून आम्ही पाणी कमी करून, गार करून, तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी एक्स-रे काढला तर पोटात सात खडे. हा प्राणी तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य ओढून घेतो, तळाशी गोटे असतील तर तेही आत जातात. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आधी रंगीत गोटे होते, पण तुम्ही रागवाल म्हणून आणायच्या आदल्या दिवशी काढून टाकले. टाकी लख्ख का होती ते तेव्हा कळलं. पहिल्याच दिवशी ‘गोटे होते’ एवढे दोन शब्द मिळाले असते तर आम्ही तीन दिवस वाया घालवले नसते. तो वाचला. पाच खडे आपणहून पडले, दोन डॉक्टरांनी काढले.

दुसरा प्रसंग याच्या उलट. एक मुलगा, असेल चौदा-पंधरा वर्षांचा, वडिलांबरोबर आला. एका हातात खोकं, दुसऱ्या हातात शाळेची चौकटीची वही. वहीत तारखेपुढे लिहिलेलं: ‘दोन गांडुळं. एक थुंकलं.’ ‘पाणी १९.’ ‘डावा कल्ला जरा फिका?’ ‘आज शेपटीचं टोक वळवलं होतं, मी पंप हळू केला.’ अशी साडेतीन वर्षं. शेवटच्या पानावर, बहुधा रात्री बसून लिहिलेलं, ‘हा अंधारात खातो. दिवा लावला की थांबतो.’ नव्या जागी दहा-दहा दिवस उपाशी राहणारे ॲक्सोलॉटल मी पाहिलेत. याने दुसऱ्या रात्री खाल्लं, कारण आम्ही दिवा बंद केला.

तुमच्याकडे वही नसेल, हरकत नाही. मुलीला शेजारी बसवा आणि दोघी मिळून एक पान लिहा. कधी आणले, तेव्हा किती मोठे होते. काय खातात, कितीदा, चिमट्यातून घेतात की तळावरून शोधतात. टाकी किती लिटरची, तळाशी काय आहे. फिल्टर कधी धुतला, आणि नळाच्या पाण्याखाली धुतला का. उन्हाळ्यात पाणी जास्तीत जास्त किती अंशांवर गेलं. कधी मासे सोबत ठेवले होते का, कारण मासे त्यांचे पिसासारखे कल्ले कुरतडतात आणि माशांबरोबर रोगही येतात. एकमेकांना चावले का, पाय नवा उगवलाय का, कोणता. कधी कापसासारखे पांढरे पुंजके आले का, त्यावर मीठ घातलं की चहाच्या पानांचं पाणी की मिथिलीन ब्लू, आणि किती दिवस. अंडी किती वेळा निघाली. जे आठवत नाही त्यापुढे ‘आठवत नाही’ असं लिहा. ‘सगळं नीट होतं’ असं मात्र लिहू नका. सगळं नीट असलेली टाकी मी अजून पाहायची आहे, माझी स्वतःचीसुद्धा.

लाज वाटेल अशाच गोष्टी सहसा उपयोगाच्या असतात. पाणी २७ वर गेलं होतं, दोन महिने फिल्टर बंद होता, मुलाने एकदा हातात घेऊन फोटो काढले. हे ऐकून आमच्यापैकी कुणी भुवई उंचावणार नाही. आम्ही फक्त कुठे बघायचं ते ठरवतो. उष्णतेतून गेलेल्याचे कल्ले बघतो, घाण पाण्यातल्याची कातडी, हातात घेतलेल्याच्या अंगावरचा चिकट थर.

द्यायच्या आधीच्या आठवड्यात दोन गोष्टी करू नका. एक म्हणजे, टाकी धुऊन चकचकीत करू नका. फिल्टरमधले जीवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करत असतात. तुम्ही सगळं घासून काढलंत की ती साखळी तुटते आणि प्रवासाआधीच जनावराला अमोनियाचा दणका बसतो. नेहमीप्रमाणे वीस-पंचवीस टक्के पाणी बदला, एवढंच. दुसरं म्हणजे, ‘शेवटचं पोटभर’ म्हणून भरवू नका. निघायच्या आधी दोन दिवस पूर्ण उपास. मोठ्या ॲक्सोलॉटलला त्याचं काही वाटत नाही, एरवीही तो आठवड्यातून दोन-तीनदाच खातो. भरल्या पोटी नेलात तर वाटेत ओकेल किंवा हगेल, आणि त्या थोड्याशा पाण्यात दोन्ही वाईट. त्या आठवड्यात पाण्याची तपासणी करून आकडे पानावर लिहून ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, नायट्रेट लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा खाली. नसतील तर नसतील, आहेत ते लिहा. पाणी बदलून आकडा सजवू नका. ज्या पाण्याची त्याला सवय आहे त्यातून आमच्या पाण्यात त्याला हळूहळू आणायचं असतं, आणि हळू म्हणजे किती हळू हे आम्ही त्या आकड्यांवरून ठरवतो.

प्रवासाचा दिवस. निघायचं ते पहाटे. प्रत्येकाला वेगळं, झाकणाचं, आडवं बसेल असं खोकं. पाणी त्याच्या टाकीतलंच, अंग पूर्ण बुडून वर थोडं राहील इतकं, आणि पाण्यावर हवेला जागा. त्याला कल्ले आहेत तशी फुफ्फुसंही आहेत, अधूनमधून वर येऊन तो हवा घेतो. खोक्यात गोटे, झाडं, खेळणी काही नको, हलताना लागतात. जाळीने पकडू नका. कल्ल्यांचे तंतू आणि बोटं जाळीत अडकतात. खोकंच पाण्यात तिरपं बुडवा, त्याला मागून हळूच ढकला, तो आपणहून आत जातो. मग ते खोकं थर्माकोलच्या पेटीत ठेवा. बर्फाचे पॅक फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवा, खोक्याबाहेर. पाण्यात बर्फ टाकणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, टाकू नका. २२ अंशांवरून दहा मिनिटांत १४ वर आणलेलं पाणी २२ पेक्षा वाईट. पेटीवर झाकण, आत अंधार. अंधारात तो निपचित पडून राहतो. वाटेत उघडून ‘ठीक आहे ना’ बघायची घाई करू नका.

पिशवीत बांधून नेत असाल, लांबचा प्रवास असेल, तर ही गोष्ट जास्तच महत्त्वाची. बंद पिशवीत श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा सामू (पीएच) खाली येतो. खालच्या सामूत साचलेला अमोनिया बऱ्याच अंशी कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, सामू वर चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे मायेने मध्येच पिशवी उघडून हवा देणारा माणूस त्याला त्याच पाण्यात विष देतो. उघडायची ती एकदाच, पोचल्यावर, आणि उघडल्यावर त्या पाण्यात फार वेळ ठेवायचं नाही. ते काम आमचं.

फिल्टरचा स्पंज टाकीच्या पाण्यात भिजवून वेगळ्या डब्यात आणा, झाकण सैल ठेवून. कोरडा पडला तर जीवाणू मेले, मग तो फक्त स्पंज. ओला आणलात तर आम्ही तो त्याच्याच वेगळ्या टाकीत बसवतो आणि पहिल्या दिवसापासून ती टाकी चालू असते. सोबत दिलेल्या सगळ्या सामानात, ते पान सोडलं तर, ही सगळ्यात मोलाची वस्तू. महागडं सजावटीचं भुयार आम्ही उकळून कपाटात ठेवतो.

नेताना त्यापैकी एक आधीच आजारी दिसला, म्हणजे कल्ले पुढे वळलेले, शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलेलं, कातडीवर लाल डाग, दोन आठवडे अन्न नाही, तर ठरलेल्या दिवसाची वाट बघू नका आणि न सांगता दारातही आणून ठेवू नका. फोन करा. कधीकधी प्रवासच त्याला मारतो, आणि त्याला आधी चार दिवस गार पाण्याच्या खोक्यात रोज पाणी बदलून ठेवणं बरं असतं. पाणी बदलताना क्लोरीन काढणारं औषध वापरा. रात्रभर बादली उघडी ठेवून क्लोरीन उडतं, पण पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते तसं जात नाही. औषधाच्या बाटलीवर कोरफड लिहिलेली असेल तर ती बाटली माशांना ठेवा, याला नको.

सोपवताना एक कागद करतात. प्राणी माझा आहे, मी स्वखुशीने देतोय, परत मागणार नाही, अशा अर्थाचा. वाचून सही करा, एक प्रत घ्या. काही संस्था थोडी देणगी मागतात. ती प्राणी घेण्याची किंमत नसते, वेगळं ठेवण्याच्या आणि तपासण्यांच्या खर्चाला हातभार असतो. जमली तर द्या, नाही जमली तर तसं सांगा, त्यावरून कुणी प्राणी नाकारू नये. मुलीला बरोबर आणा. ‘तिला त्रास होईल’ म्हणून तिच्या पाठीमागे, ती बाहेरगावी गेल्यावर हे उरकू नका. तिला टाकी बघू द्या, काय खायला देणार ते विचारू द्या. काहीजण रडतात, आम्हाला सवय आहे, टिश्यूचा डबा थर्मामीटरच्या शेजारीच ठेवलेला असतो.

तुम्ही विचारलंत, त्याला आठवण राहील का. काचेजवळ तुमची सावली आली की तो पुढे येतो ना, ते खरं आहे. पाण्यातली हालचाल, वास आणि खायची वेळ यांची सांगड तो घालतो. आमच्याकडे दोन-तीन आठवड्यांत माझ्या सावलीलाही तसाच येईल.

टाकी स्वतःकडे ठेवणार असाल तर पाणी मोरीत ओता आणि सगळं पूर्ण कोरडं करून ठेवा. दुसऱ्या कुणाला देणार असाल तर आधी निर्जंतुक करून घ्या.

आणि पहिल्या आठवड्यात तुम्ही ‘खाल्लं का?’ म्हणून फोन कराल, सगळेच करतात. उत्तर बहुतेक ‘नाही’ असेल. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. जागा नवी, पाणी नवं, आवाज नवे, मोठा ॲक्सोलॉटल आठवडाभर सहज उपाशी राहतो. दहाव्या दिवशी फोन करा. आणि तेव्हा आम्ही उलट काही विचारलं, तो दिव्यात खायचा की अंधारात, उजव्या बाजूने गांडूळ दिलं तर घ्यायचा का, तर मुलीला फोनवर द्या.